आतड्यातल्या जखमेपर्यंत औषध पोचवताना: आयबीडीच्या उपचारांत बायोमटेरिअलचं काम

आयबीडी, म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, या आतड्याला दीर्घकाळ दाह होऊन जखमा करणाऱ्या आजारावर औषधंच नाहीत असं आता कुणी म्हणणार नाही. मेसालामाइन आहे, स्टेरॉइडं आहेत, अझाथायोप्रिन आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन्स या आयबीडीच्या एका प्रकारासाठी इन्फ्लिक्सिमॅबला मान्यता मिळाली आणि त्यानंतर एकामागून एक बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत तयार केलेली, औषधं आली. तरीही बऱ्याच रुग्णांना पुरेसा गुण येत नाही, किंवा सुरुवातीला येतो आणि पुढे ओसरतो. यामागचं एक कारण असं, की जखम असते आतड्याच्या ठरावीक भागात आणि औषध फिरतं अख्ख्या शरीरात. जखमेपाशी ते पुरेसं पोचावं म्हणून डोस वाढवला की हाडं, यकृत, रोगप्रतिकारशक्ती यांना त्याची झळ बसते.

बायोमटेरिअलवर आधारलेले उपचार याच अडचणीला हात घालतात. औषध बहुतेक वेळा जुनंच असतं. बदलतं ते त्याच्याभोवतीचं सामान: गोळीवरचा लेप, जेल, सूक्ष्म कण, शरीरात विरघळून जाणारा प्लग. औषध कुठे सुटणार, तिथे किती वेळ टिकणार आणि रक्तात किती उतरणार, हे या सामानावर ठरतं. या विषयावरच्या बातम्यांत ‘नॅनो’ शब्दाचा भडिमार असतो. पण रुग्णाच्या हातात आज जे आहे ते बरंचसं साधं आहे, आणि माझ्या मते नजीकच्या काळात खरा फायदाही हे साधं सामान समजून वापरण्यातूनच मिळणार आहे.

आजार कुठे बसलाय, ते आधी

आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस (पुढे नुसतं कोलायटिस) मोठ्या आतड्यापुरता असतो. तो गुदाशयात सुरू होतो, तिथून सलग वर पसरतो आणि मुख्यतः आतल्या अस्तरातच राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधले पट्टे निरोगी सोडतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त आढळतो. शिवाय तो आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. म्हणूनच क्रोन्समध्ये आतडं आक्रसतं आणि भगंदर होतं. (आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हा वेगळा त्रास आहे. त्यात आतड्याला अशा जखमा होत नाहीत, त्यामुळे इथलं काहीच त्याला लागू नाही.)

हा फरक पुढच्या प्रत्येक मुद्द्यात कामाला येतो. कोलायटिसची जखम पृष्ठभागावर असते, म्हणून तिच्यावर वरून काही लावता येतं. क्रोन्सची जखम खोल असते. तिच्यावर नुसता लेप देऊन भागत नाही.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे श्लेष्मा, आतड्याच्या अस्तरावरचा चिकट स्राव. मोठ्या आतड्याच्या अस्तरात पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो आणि तो काही दिवसांत नवा होत राहतो. त्याच्यावर श्लेष्माचे दोन थर असतात. आतला घट्ट असतो आणि जिवाणूंना शिरू देत नाही. बाहेरचा सैल असतो, त्यात जिवाणू राहतात आणि तो सतत झडून शौचावाटे जातो. कोलायटिसमध्ये आतल्या घट्ट थराचा बंदोबस्त ढिला पडतो आणि जिवाणू थेट पेशींना भिडतात. औषध वाहून नेणाऱ्या कणांसाठी हा श्लेष्मा अडथळा असतो: त्याला चिकटलेला कण त्याच्याबरोबरच वाहून जातो.

गोळीवरचा लेप

स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्‌झ यांनी १९४० च्या सुमारास सल्फासालाझिन वापरात आणलं. ते मुळात संधिवातासाठी तयार केलेलं औषध होतं. त्याच्या रेणूत दोन भाग एका अॅझो बंधाने जोडलेले असतात आणि हा बंध मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. म्हणजे औषध कुठे सुटायचं ते रेणूच्या रचनेतच ठरलेलं होतं. १९७७ मध्ये ऑक्सफर्डच्या आझाद खान, पिरिस आणि ट्रुलव्ह यांनी सल्फासालाझिन आणि त्याचे दोन्ही तुकडे एनिमावाटे वेगवेगळे देऊन पाहिले. गुण ५-एएसए या तुकड्याचा होता, सल्फापायरिडिनचा नव्हे. बरेचसे दुष्परिणाम मात्र सल्फापायरिडिनमुळे होत होते.

मग ५-एएसए, म्हणजेच मेसालामाइन, एकटंच का देऊ नये? कारण ते साधं गिळलं तर लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं आणि मोठ्या आतड्यापर्यंत फारच थोडं उरतं. इथे पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाचा, लेप लागतो.

अशा एका गोळीचा प्रवास पाहू. जठरात पीएच १ ते २ च्या आसपास असतो, तिथे लेप टिकतो. लहान आतड्यात गोळी साधारण ३ ते ४ तास असते आणि पीएच ६ पासून चढत शेवटच्या टोकाला ७ ते ७.५ पर्यंत जातो. युड्राजिट एस या अॅक्रिलिक पॉलिमरचा लेप पीएच ७ च्या वर विरघळतो, युड्राजिट एल ६ च्या वर, आणि एल १००-५५ साधारण ५.५ ला. त्यामुळे एसचा लेप लहान आतड्याच्या टोकाशी सुटू लागतो आणि औषध मोठ्या आतड्यात उतरतं.

कागदावर हे बिनचूक दिसतं. प्रत्यक्षात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच पीएच पुन्हा ६ च्या आसपास घसरतो, कारण तिथले जिवाणू तंतूमय अन्न आंबवून आम्ल तयार करतात. म्हणजे ७ च्या वरचा टप्पा छोटा असतो. काही माणसांत पीएच ७ पर्यंत नीट चढतच नाही. जुलाब जोरात असले की गोळी तो टप्पा झटकन ओलांडते. अशा वेळी ती जशीच्या तशी शौचातून बाहेर पडते. उलट अडचणही येते: मोठी, न फुटणारी गोळी जठरात अन्न असेपर्यंत थांबून राहते, त्यामुळे सारखं थोडं थोडं खाणाऱ्यात ती कित्येक तास पुढे सरकत नाही.

यावर निरनिराळे तोडगे निघाले. एक म्हणजे पीएचचा नादच सोडणं: इथाइल सेल्युलोजच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या बारीक दाण्यांतून औषध लहान आणि मोठ्या दोन्ही आतड्यांत हळूहळू झिरपत राहतं. दुसरा, लेपाच्या आत पाणी आणि चरबी धरणाऱ्या पदार्थांचा मिश्र गाभा ठेवणं. तो फुगून जेलसारखा होतो आणि मोठ्या आतड्याच्या लांबीभर औषध सोडतो. बुडेसोनाइड या स्टेरॉइडच्या ९ मिलिग्रॅमच्या कोलायटिसवरच्या गोळीत हीच रचना वापरतात. तिसरा तोडगा मला सगळ्यांत विचारपूर्वक केलेला वाटतो. १६०० मिलिग्रॅम मेसालामाइनच्या एका गोळीत बाहेरच्या लेपात युड्राजिट एसबरोबर न पचणारा स्टार्च मिसळलेला असतो. पीएचने काम केलं नाही तर मोठ्या आतड्यातले जिवाणू तो स्टार्च खाऊन लेपाला भोकं पाडतात. त्याच्या आतला अल्कधर्मी थर लेप लवकर विरघळायला मदत करतो. एक खटका चुकला तर दुसरा आहेच.

बुडेसोनाइडमध्ये लेपाला यकृताचीही साथ मिळते. आतड्यातून शोषलेलं सुमारे ९० टक्के बुडेसोनाइड यकृताच्या पहिल्याच फेरीत निष्क्रिय होतं. म्हणून प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टेरॉइडच्या तुलनेत त्याचे अंगभर होणारे दुष्परिणाम कमी असतात. कमी म्हणजे शून्य नव्हे. महिनोन्‌महिने चालू ठेवायचं हे औषध नाही.

रोजच्या वापरात यातून काही गोष्टी सरळ निघतात. लेप असलेली गोळी चावायची, कुटायची किंवा तोडायची नाही. बद्धकोष्ठासाठी लॅक्ट्युलोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण ते मोठ्या आतड्याचा पीएच खाली आणतं आणि पीएचवर चालणारा लेप त्यामुळे अडू शकतो. शौचात पांढरट दाणे किंवा रिकामं टरफल दिसलं तर घाबरू नका, औषध आधीच बाहेर पडलेलं असू शकतं. पण टणक, अखंड गोळी पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी गोळीचा प्रकार बदलून पाहायला हवा. ही गोष्ट रुग्ण संकोचाने सांगत नाहीत, आणि ती समजली नाही की विनाकारण वरच्या पायरीचं औषध सुरू होऊ शकतं. आणखी एक: क्रोन्समध्ये मेसालामाइनचा फारसा उपयोग चाचण्यांत दिसलेला नाही. लेप कितीही चांगला असला तरी आतलं औषध त्या आजाराला पुरेसं पडत नाही.

खालून दिलेलं औषध आणि जेल

गुदाशयातल्या जखमेसाठी तोंडावाटे सहा-सात मीटर प्रवास करण्यापेक्षा खालून जाणं जवळचं. सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची विरघळणारी कांडी, गुदाशयापुरती पोचते, फोम त्याच्या थोडा वर, सिग्मॉइड या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणदार भागापर्यंत, आणि द्रव एनिमा डाव्या बाजूच्या वळणापर्यंत. सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये तोंडावाटे आणि खालून अशी दोन्हीकडून मेसालामाइन दिली तर नुसत्या गोळ्यांपेक्षा जास्त गुण येतो, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. तरी हा मार्ग सर्रास टाळला जातो.

६० मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅम मेसालामाइन हा नेहमीचा एनिमा. झोपण्याआधी शौचाला जाऊन यायचं. बाटली कोमट पाण्यात धरून शरीराच्या तापमानाजवळ आणायची, कारण गार द्रवाने आतडं आकुंचन पावतं आणि लगेच कळ येते. औषध तळाशी बसतं, म्हणून बाटली चांगली हलवायची. डाव्या कुशीवर झोपून डावा पाय सरळ आणि उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा. टोकाला वंगण लावून ते बेंबीच्या दिशेने हलकेच आत सरकवायचं. बाटली सावकाश, एकसारखी दाबायची आणि दाब न सोडता बाहेर काढायची, नाहीतर द्रव परत ओढला जातो. त्यानंतर किमान अर्धा तास त्याच कुशीवर, आणि जमेल तर रात्रभर आत ठेवायचं.

रात्रभर धरणं हेच अवघड जातं. सुजलेल्या गुदाशयाची साठवण्याची क्षमता घटलेली असते, ज्याला एनिमाची गरज जास्त त्यालाच तो धरवत नाही. जेलवरचं संशोधन इथून सुरू होतं. पोलोक्झामर ४०७ हा पॉलिमर पाण्यात १८ ते २० टक्के असेल तर थंडपणी पातळ राहतो आणि शरीराच्या उबेने घट्ट होतो. आत जाताना द्रव, गेल्यावर जेल. कल्पना छान आहे, पण आतड्यात पाणी, श्लेष्मा, रक्त असतं. त्यात मिसळून पॉलिमरचं प्रमाण घसरलं की जेल पुन्हा विरघळतं. म्हणून त्यात कार्बोमर, कायटोसान किंवा हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइलसेल्युलोजसारखं चिकटणारं काहीतरी घालतात. त्याचीही किंमत असते: मिश्रण जितकं घट्ट आणि चिकट, तितकं ते वर कमी पसरतं. गुदाशयापुरत्या आजाराला घट्ट जेल चालेल, डाव्या बाजूच्या वळणापर्यंतच्या आजाराला नाही.

फक्त जखमेलाच चिकटेल आणि निरोगी भागावरून घसरेल असं जेल करता येईल का? २०१५ मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी याचं एक सुबक उत्तर मांडलं. त्यांनी अॅस्कॉर्बिल पाल्मिटेट वापरलं. क जीवनसत्त्वाला पाल्मिटिक आम्ल जोडून बनवलेला हा पदार्थ खाद्यपदार्थ खवट होऊ नयेत म्हणून आधीपासूनच वापरला जातो. तो विरघळवून गार केला की रेणू आपोआप एकमेकांत बसून सूक्ष्म तंतूंचं जेल होतं आणि त्याचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. सुजलेल्या अस्तरावर धनभारित प्रथिनं साचलेली असतात, त्यामुळे तंतू तिथे चिकटतात. दाह असलेल्या जागी एन्झाइम जास्त असतात, ते तंतू तोडतात आणि आतलं डेक्सामेथासोन सुटतं. उंदरांमध्ये एक दिवसाआड एनिमा देऊन गुण आला आणि रक्तात उतरलेलं स्टेरॉइड साध्या एनिमापेक्षा कमी होतं. कोलायटिसच्या रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यांवरही हे तंतू सुजलेल्या भागाला जास्त चिकटले.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. आतड्यातल्या द्रवातही धनभारित आणि ऋणभारित रेणूंची गर्दी असते. तंतू जखमेला भिडण्याआधीच त्यांचा भार या रेणूंनी झाकला गेला तर निवडक चिकटणं संपतं. तुकड्यावरचा प्रयोग धुतलेल्या ऊतीवर होतो. रक्त, आव आणि मळ असलेल्या जिवंत आतड्यात तेच घडतं का, हे रुग्णांतल्या चाचणीनेच ठरतं.

कण किती छोटा हवा?

२००१ मध्ये लाम्प्रेख्त आणि सहकाऱ्यांनी कोलायटिस झालेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांना तीन मापांचे कण दिले: ०.१, १ आणि १० मायक्रोमीटर. सगळ्यांत छोटे कण सुजलेल्या भागात सर्वाधिक साचले. कारणं पटण्यासारखी होती: दाहामुळे पेशींमधल्या फटी रुंदावतात, आणि तिथे जमलेल्या मॅक्रोफेज पेशी कण गिळतात. या निकालाने पुढच्या संशोधनाची दिशा ठरवली आणि सगळे छोट्यात छोट्या कणांमागे लागले.

यातून कल्पक गोष्टी झाल्या, हे मान्य करायला हवं. २०१० मध्ये थायोकिटल पॉलिमरचे कण आले. जखमेच्या जागी दाहपेशी ऑक्सिजनचे जे आक्रमक रेणू सोडतात, त्यांनीच हा पॉलिमर तुटतो. आत टीएनएफ-अल्फा या दाहाच्या संदेशवाहकाचं उत्पादन रोखणारा आरएनए होता. तो तोंडावाटे दिला तरी जठरातून सुखरूप गेला आणि उंदरांचा कोलायटिस कमी झाला. २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातून हायल्युरोनिक आम्ल आणि बिलिरुबिन जोडून केलेले कण आले. हायल्युरोनिक आम्ल दाह असलेल्या पेशींवरच्या सीडी४४ या प्रथिनाला धरतं आणि बिलिरुबिन, ज्याने काविळीत डोळे पिवळे होतात, ते प्रमाणात असेल तर आक्रमक रेणूंना निष्प्रभ करतं. इथे वाहक आणि औषध वेगळे राहिलेच नाहीत.

पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या सगळ्यांहून महत्त्वाचा वाटतो, कारण तो माणसांवर केलेला होता. आयबीडीच्या रुग्णांना पीएलजीए या पॉलिमरचे चमकणारे कण गुदमार्गे दिले आणि सूक्ष्मदर्शक जोडलेल्या एंडोस्कोपने ते कुठे साचतात ते पाहिलं. काही कण २५० नॅनोमीटरचे होते आणि काही ३ मायक्रोमीटरचे, म्हणजे बारा पट मोठे. जखमांवर साचले ते मोठे कण. नॅनोकण अस्तरात जेमतेम दिसले, उलट ते थोड्या प्रमाणात रक्तात पोचले. ज्या कारणासाठी कण वापरायचे, की औषध रक्तात जाऊ नये, त्याच्या हे नेमकं उलट आहे. प्राण्यांत मिळालेला ‘जितकं छोटं तितकं चांगलं’ हा नियम माणसाच्या आतड्यात टिकला नाही.

उंदराचं आतडं

असं होण्यामागे कारणं आहेत आणि ती माहीत असली की कुठल्याही नव्या दाव्याकडे नीट पाहता येतं. बहुतेक प्रयोगांत उंदराच्या पिण्याच्या पाण्यात २ ते ३ टक्के डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, म्हणजे डीएसएस, ५ ते ७ दिवस देतात. या रसायनाने अस्तर जळाल्यासारखं होतं, रक्त पडतं, वजन उतरतं. पाणी बदललं की पुढच्या एक-दोन आठवड्यांत उंदीर बराच सावरतो. माणसाचा आजार वर्षानुवर्षांचा, उफाळणारा आणि शमणारा असतो. शिवाय कित्येक प्रयोगांत उपचार डीएसएसच्या आधी किंवा बरोबरच सुरू होतो. तो प्रतिबंध झाला, उपचार नव्हे. आणि डीएसएस स्वतः ऋणभारित पॉलिमर आहे. कायटोसानसारखे धनभारित कण दिले तर ते आतड्यात डीएसएसलाच चिकटून त्याचा जोर कमी करू शकतात. उंदीर बरा दिसतो, पण जखम बरी झाली की विषच कमी पोचलं, हे कळत नाही.

पीएचचीही तीच गत. उंदराच्या आतड्यात पीएच सरासरी ५.२ च्याही खाली असतो. मग पीएच ७ ला विरघळणारा लेप उंदरात तपासायचा तरी कसा? त्यामुळे असा प्रयोग वाचताना पाहायचं ते हे: उपचार जखम झाल्यावर सुरू केला का, नुसता रिकामा वाहक दिलेल्या उंदरांचा गट होता का, आणि तेच औषध वाहकाशिवाय, त्याच डोसमध्ये दिल्यावर काय झालं. तिसरा गट नसेल तर वाहकाने काय कमावलं हे सांगताच येत नाही.

वाहक निरुपद्रवी असतोच असं नाही

२०१५ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट-८० हे दोन पदार्थ पाण्यात १ टक्का दिले. श्लेष्माचा थर विरळ झाला, जिवाणू अस्तराच्या जवळ सरकले आणि आधीच कमकुवत असलेल्या उंदरांना कोलायटिस झाला. दोन्ही पदार्थ अन्नात आणि औषधांत नेहमी वापरले जातात. यावरून गोळ्या बंद करायची गरज नाही, गोळीतलं प्रमाण मिलिग्रॅममध्ये असतं. पण रोज, ग्रॅमच्या हिशेबाने, वर्षानुवर्षं घ्यायचं जेल बनवणाऱ्याने हा प्रश्न टाळून चालणार नाही.

नैसर्गिक पॉलिमर सुरक्षित, ही समजूतही तपासून घ्यावी. अल्जिनेट सागरी शेवाळातून, कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून आणि हायल्युरोनिक आम्ल आता मुख्यतः जिवाणूंच्या मदतीने मिळतं. शुद्धीकरण अपुरं असेल तर त्यात जिवाणूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन उरतं, आणि ते स्वतःच दाह भडकवतं. शिवाय रेणूची लांबी आणि रासायनिक जडणघडण प्रत्येक खेपेला थोडी बदलते. प्रयोगशाळेत दहा ग्रॅमची एक खेप उत्तम चालते, कारखान्यातली शंभर किलोची खेप वेगळी वागते. असे कितीतरी चांगले प्रयोग याच पायरीवर अडतात.

गमावलेला थर परत देणं

औषध न देता संरक्षक थरच भरून काढायचा, हा वेगळा मार्ग. कोलायटिसच्या रुग्णांच्या श्लेष्मात फॉस्फॅटिडिलकोलिन हा मेदयुक्त घटक कमी आढळतो. हायडेलबर्गच्या संशोधकांनी तो लेप दिलेल्या दाण्यांतून मोठ्या आतड्यात पोचवला आणि छोट्या चाचण्यांत निकाल फारच आशादायक आले. पुढे मोठी तिसऱ्या टप्प्यातली चाचणी झाली, तीत फायदा दिसेना आणि ती मुदतीआधी थांबवावी लागली. छोट्या चाचणीत दिसलेला मोठा फायदा मोठ्या चाचणीत विरून जातो, हे या आजारात वारंवार घडलं आहे.

जिवंत जिवाणूंकडून हा थर विणून घेण्याचाही प्रयत्न आहे. २०१९ मध्ये ई. कोलाय निसल १९१७ या जुन्या प्रोबायोटिक जिवाणूत बदल करून त्याच्या चिकट तंतूंना अस्तर सांधणारं ट्रेफॉइल प्रथिन जोडलं गेलं. उंदरांत ते चाललं. मात्र या जिवाणूत डीएनएला इजा करू शकणारं कोलिबॅक्टिन तयार करणारी जनुकंही आहेत, त्यामुळे माणसांत वापरायचं तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागेल.

भगंदर: इथे सामान प्रत्यक्ष आत बसतं

क्रोन्समध्ये गुदाशयापासून बाजूच्या त्वचेपर्यंत पू वाहणारा बोगदा तयार होतो. तो आतून पेशींनी अस्तरलेला असतो, आत संसर्ग असतो आणि गुदाशयाकडून दाब येत राहतो, म्हणून आपोआप बुजत नाही. क्रम असा असतो: एमआरआय करून बोगदा आणि त्याच्या फांद्या शोधायच्या, भूल देऊन तपासायचं, पू साठला असेल तर काढायचा, मग सैल सेटॉन, म्हणजे बोगद्यातून ओवलेला मऊ धागा, ठेवायचा. धाग्यामुळे तोंड उघडं राहतं आणि पू साचत नाही. सोबत टीएनएफविरोधी औषध सुरू करतात. सेटॉन काही आठवडे आत राहतो आणि आतला दाह शमल्यावरच बोगदा बुजवायचा विचार होतो. ही घाई नडते.

बुजवायला फायब्रिन ग्लू वापरून पाहिला आहे. हीच ती प्रथिनं, ज्यांनी रक्त गोठतं. फ्रान्समधल्या चाचणीत ८ आठवड्यांनी ग्लू दिलेल्या ३८ टक्के रुग्णांचा स्राव थांबला, ग्लू न देता नुसता सेटॉन काढलेल्यांत १६ टक्क्यांचा. फायदा खरा, पण तोकडा. ग्लू शरीराच्या एन्झाइमनी थोड्याच दिवसांत विरघळतो आणि तेवढ्या वेळात आत ऊती भरून आली नाही तर पोकळी परत उघडते. डुकराच्या लहान आतड्याच्या अस्तराखालच्या थरापासून केलेला कोलॅजनचा प्लग जास्त टिकतो, पण फ्रान्समध्येच झालेल्या तुलनेत तो नुसता सेटॉन काढण्यापेक्षा सरस ठरला नाही. प्लग निसटून पडणं आणि मागे राहिलेला पू ही अपयशाची नेहमीची कारणं.

पुढची पायरी म्हणजे पेशी. चरबीतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशींचं (या दाह शमवू शकणाऱ्या मूळपेशी) डार्वाडस्ट्रोसेल हे औषध १२ कोटी पेशींच्या डोसमध्ये बोगद्याच्या भिंतीत टोचत. २०१६ च्या चाचणीत २४ आठवड्यांनी ५० टक्के रुग्ण बरे झाले, पेशी न दिलेल्या गटात ३४ टक्के. २०१८ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत आले आणि २०२४ अखेरीस औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. या चाचण्यांत ज्यांना पेशी मिळाल्या नाहीत त्यांचाही बोगदा खरवडून साफ केला होता आणि आतलं तोंड टाके घालून बंद केलं होतं. त्या नुसत्या काळजीपूर्वक शस्त्रक्रियेने एक-तृतीयांश ते जवळपास निम्मे रुग्ण सुधारले, ही नोंद मला पेशींच्या निकालाइतकीच मोलाची वाटते.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने दोन्ही कल्पना जोडल्या: रुग्णाच्याच चरबीतल्या पेशी शरीरात विरघळणाऱ्या प्लगवर वाढवल्या आणि प्लग बोगद्यात बसवला. टोचलेल्या पेशी वाहून जातात, प्लगवरच्या पेशी जागेवर राहतात, असा त्यामागचा विचार. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात १२ रुग्ण होते आणि सहा महिन्यांनी त्यांपैकी १० जणांचा बोगदा बुजला होता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून या आकड्यावरून पेशींचं श्रेय किती आणि शस्त्रक्रियेचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

यांपैकी कुठलाही उपचार घेतला तरी बाहेरचं तोंड बंद झालं म्हणजे भगंदर बरं झालं असं धरू नये. त्वचा आधी जुळते आणि आत पोकळी राहू शकते, म्हणून खात्री एमआरआयनेच करायची. स्राव अचानक थांबला आणि त्याबरोबर ठणका, सूज किंवा ताप आला, तर आत पू कोंडला असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं.